मामांना झालंय तरी काय?

अहो, आधी दार लोटून घ्या आणि चहा टाका. हे उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही.

आपल्या वेळचा ट्रॅफिक पोलीस आठवतोय ना? चौकात कधी दिसायचा नाही. चौकात दिसला तर लोक थांबतील, आणि लोक थांबले तर पावती कुणाची फाडायची? तो असायचा चौकाच्या पुढे, वडाच्या बुंध्याआड. आपण लाल दिवा चुकवून मनातल्या मनात हुश्श करायचं, की हा झाडातून उगवायचा, गाडीची किल्ली काढून घ्यायचा आणि म्हणायचा, "बाजूला घ्या." मग आपलं ठरलेलं पालुपद, "मामा, जाऊ द्या ना, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचंय." माझ्या सासूबाई स्वर्गवासी झाल्यावरही दोनदा दवाखान्यात जाऊन आल्या. किती सुटसुटीत नातं होतं! ते मामा, आपण भाचरं. आभाराचा औपचारिकपणा कुणी केला नाही.

आणि आता? आता मामा आभार मानतायत! 2019 च्या जूनमध्ये इथे पुण्यात चक्क 'आभार' नावाची योजना निघाली. पोलिसानं तुम्हाला अडवायचं, लायसन्स बघायचं, गाडीवर जुना दंड थकलाय का ते मशिनीत तपासायचं, आणि काहीच सापडलं नाही तर कूपन द्यायचं. ठरावीक दुकानांत 10 टक्के सूट! मला तर ऐकूनच घेरी आली. पोलिसानं अडवल्यावर माणसाचं काहीतरी जायला हवं की नको? उलट मिळतंय! आमच्या सोसायटीतल्या एक बाई शिट्टी ऐकून अंगभर घामेजल्या, देवाचं नाव घेत उतरल्या, आणि कूपन घेऊन परतल्या. वर त्यांची तक्रार काय, तर सूट 10 टक्केच का! ही आपली माणसं.

थांबा, एवढ्यावर भागलं नाही. गुलाबाचं ऐकलंत ना? 2006 ला तो मुन्नाभाईचा दुसरा सिनेमा आला आणि गांधीगिरीची साथच पसरली. तेव्हापासून रस्ता सुरक्षा सप्ताह आला की बिनहेल्मेटवाल्याला भर चौकात गुलाब. अहो, तीस-तीस वर्षं संसार केलेल्या बायकांना ज्यांनी कधी फूल आणलं नाही, ते पुरुष पोलिसाकडून गुलाब घेऊन घरी येतात! आणि विचारलं कुठून आणलं, तर खरं सांगायची चोरी.

बंगळूरवाल्यांनी तर कमालच केली. 2018 मध्ये रस्त्यावर यमराज उभा केला, गदा-मुकुटासकट. हेल्मेट नसेल तर यम दारी येईल, असा मतलब. पुढच्या वर्षी गणवेश, टोपी, गॉगल चढवलेले पुतळेच चौकाचौकात उभे केले. बुजगावणी हो, दुसरं काय! शेतात पाखरं फसतात, तसे लांबून चालक फसतील, हा हिशोब. आणि फसायचेही म्हणे, दोन-चार दिवस. पण पाखरंही शेवटी बुजगावण्याच्या डोक्यावरच बसतात ना.

नागपूरकरांचं तर बोलायलाच नको. आठवा, 2019 चा सप्टेंबर. 1 तारखेपासून देशात मोटार वाहन कायद्यातले वाढीव दंड लागू झाले, जो तो आकडे ऐकून गाडी घरात ठेवायच्या गोष्टी करू लागला. त्याच आठवड्यात चांद्रयान-2 च्या विक्रम लँडरशी संपर्क तुटला. सगळा देश हळहळत होता, आणि नागपूर पोलिसांनी ट्विटरवर विक्रमला विनवलं, की बाबा रे, उत्तर दे, सिग्नल तोडलेस म्हणून आम्ही काही तुझं चलान फाडणार नाही. पोलिसांना विनोद सुचतो! तोही बरा! आता घाबरायचं तरी कुणाला? तसे आपले राज्यकर्ते मनकवडे. ते वाढीव दंड महाराष्ट्रात यायला डिसेंबर 2021 उजाडला. तोवर आपण विनोदावरच निभावलं.

पण खरा कहर मुंबईत झाला, माझी नणंद हिंदमाताजवळ राहते म्हणून मला ठाऊक. दिवा लाल, काटा चाळीसवर, आणि मागचा टॅक्सीवाला हॉर्नवर तळवा ठेवून बसलेला, जणू हॉर्ननं दिवा हिरवा होतो. तर पोलिसांनी काय केलं, सिग्नलच्या खांबाला आवाज मोजायचं यंत्र जोडलं. कलकलाट 85 डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून! हिंदमाता, सीएसएमटी, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, वांद्रे अशा ठिकाणी हा प्रयोग झाला आणि जानेवारी 2020 च्या अखेरीला त्याचा व्हिडिओ गावभर फिरला. त्यातले चेहरे बघा एकदा. आकडे शून्याकडे येतायत, एकानं पोंऽऽ केलं, आकडे परत वर, आणि मग सगळ्या गाड्यांतल्या माना त्या एकाकडे. शाळेत एकानं शीळ घातली की अख्खा वर्ग बाकावर उभा, तसलं. फक्त इथे बाकावर कंपनीचे मॅनेजर. मास्तरांची जागा खांबानं घेतली, बाकी काही बदललं नाही.

हे खूळ परदेशातनं आलंय का, तर तिकडचं ऐकाल तर कानाला हात लावाल. कोलंबिया देशातलं बोगोटा. तिथे अंटानास मोकस नावाचा गणित-तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, विद्यापीठाचा प्रमुख. सभागृहात पोरं दंगा करत होती, ऐकेनात. तर या गृहस्थानं पाठमोरं होऊन विजार खाली ओढली! हो, जे तुम्हाला वाटतंय तेच दाखवलं. पद गेलं. आणि लोकांनी त्याला काय शिक्षा दिली? महापौर केलं! 1995 मध्ये खुर्चीवर बसल्यावर यानं रस्त्यांवर मूकनाट्यवाले सोडले, आधी वीस, मग चारशेच्या घरात. तोंडाला पांढरा रंग, हातात ना दंडुका ना पावतीपुस्तक. कुणी झेब्रा पट्टीवर गाडी घातली की हा हातवारे करून त्याची नक्कल करणार आणि फुटपाथवरचे लोक फिदीफिदी हसणार. बस्स. महापौरांचं म्हणणं, आमच्या माणसाला दंडाचं काही वाटत नाही, चारचौघांत हसं झालेलं सोसत नाही. आणि लोक सुधारले की हो! मला तर वाटलं, हा माणूस सदाशिव पेठेत वाढलाय.

स्वीडनचे लोक त्यामानानं हिशोबी. स्टॉकहोममध्ये 2010 ला त्यांनी वेगानं जाणाऱ्यांकडून घेतलेल्या दंडातून, मर्यादेत जाणाऱ्यांसाठी लॉटरी काढली. सरासरी वेग 32 वरून 25 किलोमीटरवर आला. आपल्याकडे असलं काही काढलं तर लोक तिकिटासाठी त्याच कॅमेऱ्यापुढून दिवसभर फेऱ्या मारतील.

बरं, आता आमच्या घरचं. म्हणून तर दार लोटायला सांगितलं.

आमच्या ह्यांचा हेल्मेटला पहिल्यापासून विरोध. मानेला त्रास होतो, मागचं ऐकू येत नाही, केस जातात. केस! जानेवारी 2019 मध्ये शहरात हेल्मेटसक्ती झाली, तेव्हा डोक्यावर पगड्या घालून लोकांनी दुचाकीवरून निषेधाची फेरी काढली, त्यात हेही पगडी सावरत गेले. कूपन दाखवा, यम दाखवा, हे बधले नाहीत. "माझं डोकं, माझा प्रश्न," एवढंच उत्तर.

पण स्कूटर माझ्या नावावर आहे. आणि नंबरही माझा आहे.

एक दिवस मी आमटीला फोडणी देत होते, मोबाइल टिंगला. ई-चलान, पाचशे रुपये, विनाहेल्मेट. सोबत फोटोची लिंक. उघडली. आमचं ध्यान उघड्या डोक्यानं झेब्रा पट्टीच्या पार पुढे उभं. वेळ सकाळची 7.42, म्हणजे हे 'पर्वती चढायला' गेले होते तेव्हाची. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. आणि पुढच्या हुकाला लटकलेली ती कॅरीबॅग, तिच्यातून तुपानं पारदर्शक झालेला पुठ्ठ्याचा खोका आणि खोक्याच्या कोपऱ्यातून डोकावणारं केशरी वेटोळं. जिलबी! मधुमेह बारा वर्षांचा. फोडणी करपली.

दंड मी मुकाट्यानं भरला. तो फोटो मात्र मुलाला, सुनेला, जावयाला आणि ह्यांच्या सकाळच्या मंडळाच्या ग्रुपवर पाठवला. कुणी काही बोललं नाही हो, सगळ्यांनी नुसते हसणारे चेहरे टाकले. हे तीन दिवस कट्ट्यावर गेले नाहीत.

चौथ्या दिवशी स्वतः दुकानात जाऊन हेल्मेट घेऊन आले. आयएसआयचं, काळ्या काचेचं, हनुवटीपर्यंत सगळं झाकणारं. आता दिवा पिवळा झाला की थांबतात, पट्टीच्या हातभर अलीकडे. समोरचा मोकळा रस्ता बघूनही हलत नाहीत. परवा मी मागे बसले होते तर मामांनी ह्यांना हात करून शाबासकी दिली, मला मेलीला कोण अभिमान वाटला!

त्याला आता तीन महिने झाले. एकही चलान नाही, एकही फोटो नाही. काल ह्यांचा तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आलाय. जरा चष्मा लावा आणि हा आकडा बघा.