कॉलर कोणी ओढली

भूतसंशोधनाचे कार्यक्रम, म्हणजे ज्यांत चार-सहा माणसे यंत्रांच्या पेट्या घेऊन एखाद्या बंद पडलेल्या इस्पितळात, जुन्या तुरुंगात किंवा ओसाड किल्ल्यात रात्र काढतात आणि तेथे ‘कोणी आहे का’ याचा शोध घेतात असे दूरचित्रवाणी कार्यक्रम, इंग्लंड-अमेरिकेत दोन दशकांहून अधिक काळ चालत आले आहेत, आणि एवढ्या अवधीत पडद्यावर सर्वांनी मान्य करावे असे भूत एकदाही आलेले नाही. जत्रेतला पाळणा फिरला नाही तर तिकिटाचे पैसे परत मागणारा माणूस येथे मात्र वर्षानुवर्षे न फिरणाऱ्या पाळण्यात बसून राहतो, हे कोडे प्रेक्षकांच्या मतांकडे बारकाईने पाहिल्याशिवाय सुटत नाही. ही मते चाळली असता प्रथम लक्षात येते ते असे की, न आलेल्या भुतावर कोणाचाच राग नसतो. सगळा राग असतो तो भुताला आणू पाहणाऱ्या माणसावर.

या प्रकाराची मुळे नभोवाणीत आहेत. हॅरी प्राइस या इंग्रज भूतसंशोधकाने १९३६ मध्ये केंट परगण्यातल्या एका ‘झपाटलेल्या’ घरातून बीबीसीवर थेट प्रसारण केले, आणि त्या रात्री सांगण्यासारखे काही घडले नाही; पुढच्या सर्व परंपरेची पायाभरणी इतक्या प्रामाणिकपणे क्वचितच झाली असेल. घडवून आणायचेच ठरवले तर काय होते, हे त्याच संस्थेने ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी, म्हणजे हॅलोवीनच्या भुताखेतांच्या रात्री, ‘घोस्टवॉच’ या कार्यक्रमातून दाखवले. हे वस्तुतः आधी चित्रित केलेले नाटक होते, पण त्याची मांडणी थेट प्रक्षेपणाची होती आणि मायकेल पार्किन्सन यांच्यासारखा घराघरात विश्वासाने पाहिला जाणारा मुलाखतकार त्यात स्वतःच्याच नावाने बसला होता. पडद्यावर दिलेल्या दूरध्वनी क्रमांकावर जो कोणी पोहोचेल त्याला ‘हे काल्पनिक आहे’ असा निरोप ऐकवण्याची सोयही केलेली होती. तथापि सुमारे एक कोटी दहा लाख प्रेक्षकांपैकी एकाच वेळी इतक्यांनी फोन फिरवला की बहुतेकांच्या कानी पडला तो केवळ ‘लाइन व्यस्त’चा सूर, आणि घाबरलेल्या माणसाला त्या क्षणी त्याहून भयानक दुसरे काही ऐकू येणे शक्य नव्हते. शेवटी पार्किन्सन यांच्याच तोंडून भूत बोलू लागते. प्रेक्षकांच्या संतापाची लाट इतकी मोठी होती की बीबीसीने तो कार्यक्रम पुन्हा कधी दाखवला नाही, आणि १९९४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यामुळे मानसिक आघात झालेल्या दहा वर्षांच्या दोन मुलांची नोंदही झाली. ज्या एकमेव प्रसंगी प्रेक्षकाला हवे ते भूत पुरेपूर मिळाले, त्या प्रसंगी त्याने संस्थेवर तक्रारी गुदरल्या, हे येथे नोंदवून ठेवणे इष्ट.

त्या नाटकातील भुताचे नाव ‘पाइप्स’ असे होते, कारण घरात येणारे ठकठक आवाज पाण्याच्या पाइपांचे आहेत अशी आई मुलांची समजूत घालत असे. बारा वर्षांनी, २००४ मध्ये, अमेरिकेत ‘घोस्ट हंटर्स’ सुरू झाला तेव्हा त्याचे दोन नायक, जेसन हॉज आणि ग्रँट विल्सन, हे रोड आयलंड राज्यातले चक्क प्लंबर होते: दिवसा तुंबलेली गटारे मोकळी करायची आणि रात्री झपाटलेली घरे. या योगायोगाचा विचार कोणत्याही प्रबंधात झालेला दिसत नाही, परंतु प्रेक्षकाने त्यांच्यावर जो जीव लावला त्याचे मर्म नेमके येथेच आहे. भिंतीतून आवाज आला की मांत्रिकाला मृतात्मा आठवतो, आणि प्लंबरला आठवते ती ढिली झालेली क्लॅम्प. ‘हा आवाज पाइपचाच आहे’ असे ज्याने नऊदा सांगितले, त्याने दहाव्या वेळी ‘हा पाइपचा नाही’ म्हटले, तर त्या वाक्याला बँकेतल्या ठेवीसारखे वजन येते. घरमालकाची मात्र या पहिल्या नऊ वेळा निराशा होते, आणि आपल्या घरात भूत नाही हे ऐकताना माणसाचा चेहरा किती पडू शकतो हे या मालिकेइतके स्पष्टपणे अन्यत्र पाहावयास मिळत नाही.

यंत्रांविषयी प्रेक्षकांत दोन तट आहेत आणि दोन्ही तट आपापल्या परीने बरोबर आहेत. या कार्यक्रमांत सर्वाधिक दिसणारे उपकरण म्हणजे विद्युत्-चुंबकीय क्षेत्र मोजणारा हातातला मापक. टीव्हीच्या रिमोटएवढी डबी, तिच्या माथ्यावर हिरव्यापासून लालपर्यंत पाच दिवे. घरातल्या वायरींपासून आणि उपकरणांपासून किती क्षेत्र बाहेर पडते हे पाहण्यासाठी ती बनवलेली असते, आणि खिशातल्या मोबाइलनेही तिचे दिवे उजळतात. संशोधक ती जमिनीवर ठेवतो, दोन पावले मागे सरतो, आणि रिकाम्या खोलीला अत्यंत अदबीने विचारतो की, तुम्ही येथेच मरण पावलात का, असल्यास कृपया दिवा लावावा. दिवा लागतो. एक तट श्वास रोखतो. दुसरा तट विचारतो की कॅमेरावाल्याचा फोन बंद होता काय. दुसरे साधन ध्वनिमुद्रक: ज्या आवाजात त्या वेळी कोणाला काही ऐकू आले नव्हते त्याच्या मुद्रणात नंतर शब्द सापडणे, याला मृतांचा इलेक्ट्रॉनिक आवाज म्हणतात, आणि फ्रीडरिश युर्गेन्सन या स्वीडनमधील गृहस्थाला १९५९ मध्ये पक्ष्यांचे आवाज मुद्रित करताना तो प्रथम सापडला असे सांगतात. वाहिनी ही खरखर ऐकवताना खाली तिचा ‘अर्थ’ही अक्षरांत छापते, आणि एकदा तो वाचल्यावर दुसरे काही ऐकू येत नाही. डोळे मिटून ऐकणारा जो चिकित्सक प्रेक्षक असतो, त्याला तेथे केवळ घशाची खवखव ऐकू येते. ‘अहो, पण दिवे का लावत नाही?’ हा मात्र दोन्ही तटांचा सामायिक प्रश्न आहे, आणि त्याचे समाधानकारक उत्तर एकाही निवेदकाने दिलेले नाही.

खरे वादळ उठले ते ब्रिटनमधील ‘मोस्ट हॉन्टेड’वर. हा कार्यक्रम २००२ मध्ये सुरू झाला. निवेदिका यव्हेट फील्डिंग या पूर्वी मुलांच्या लोकप्रिय कार्यक्रमातल्या, त्यामुळे लहानपणी ज्यांच्याकडून पुठ्ठ्याची खेळणी करायला शिकलो त्या बाई आता तळघरात किंचाळताहेत, हा प्रेक्षकांना एक वेगळाच जिव्हाळ्याचा आनंद होता. सोबत डेरेक अकोरा नावाचे माध्यम, म्हणजे मृतात्म्यांचा निरोप्या, असत. आपल्याकडे ज्याला अंगात येणे म्हणतात ते त्यांच्या बाबतीत वेळापत्रकाबरहुकूम घडे. फरक इतकाच की आपला भगत धरलेल्या ‘झाडा’ला, म्हणजे बाधा झालेल्या माणसाला, ‘तू कोण, कुठला, काय घेऊन सोडशील’ असे थेट विचारून नारळ-कोंबड्यावर व्यवहार मिटवतो, तर तिकडे व्यवहाराचे नाव नाही, केवळ परिचय. कार्यक्रमातील परामानसशास्त्रज्ञ, म्हणजे अशा दाव्यांची शास्त्रीय छाननी करणारे अभ्यासक, सिएरन ओकीफ यांना शंका आली. त्यांनी क्रीड केफर या दक्षिण आफ्रिकी तुरुंगरक्षकाला निव्वळ कल्पनेतून जन्माला घातले आणि त्याचे नाव एका सहकाऱ्यामार्फत अकोरा यांच्या कानी जाईल अशी व्यवस्था केली. कॉर्नवॉलमधील बॉडमिन तुरुंगात चित्रीकरण सुरू झाले, आणि कधीही न जन्मलेला केफर अकोरा यांच्या अंगात आला. रोमन लिपीत या नावातल्या अक्षरांची उलटापालट केली की ‘डेरेक फेकर’ असे होते, ज्याचा अर्थ ढोंगी डेरेक. मराठी कानाला तर त्या आडनावाचे वेगळे भाषांतरही लागत नाही. ओकीफ यांनी हे २००५ मध्ये वृत्तपत्राला सांगितले, अकोरा यांनी आरोप नाकारला, आणि त्याच वर्षी प्रेक्षकांच्या तक्रारींवरून ‘ऑफकॉम’ या प्रसारण-नियामक संस्थेने निर्णय दिला की हा कार्यक्रम खरे संशोधन नसून मनोरंजन आहे, सबब नियमभंग झालेला नाही. यानंतर प्रेक्षकांनी पाठ फिरवली असे कोणी समजेल तर तो प्रेक्षकाला ओळखत नाही. कार्यक्रम मूळ वाहिनीवर २०१० पर्यंत चालला आणि २०१४ मध्ये दुसऱ्या वाहिनीवर परत आला.

तिकडे प्लंबरांवरही प्रसंग आला. ३१ ऑक्टोबर २००८ च्या रात्री ‘घोस्ट हंटर्स’चे थेट प्रक्षेपण फिलाडेल्फियाजवळच्या फोर्ट मिफ्लिन या नदीकाठच्या किल्ल्यातून चालू असताना ग्रँट विल्सन यांच्या जॅकेटची कॉलर, मागून कोणी ओढावी तशी, खाली खेचली गेली. इतक्या वर्षांत इतके ठळक काही घडले नव्हते. तरीही प्रेक्षकांनी त्या दृश्याला हात जोडले नाहीत. त्यांनी ते थांबवून, मागे नेऊन, एकेक चौकट वेगळी करून तपासले, विल्सन यांचा एक हात त्या वेळी कोठे होता आणि जॅकेटच्या आतून दोरी गेली असू शकते काय, याची मापे काढली, आणि विल्सन यांनी फसवणुकीचा इन्कार केल्यावर पुन्हा पहिल्या चौकटीपासून सुरुवात केली. कार्यक्रमाने इतकी वर्षे ज्या शिस्तीचा दावा केला होता ती त्या आठवड्यात प्रथमच पूर्णत्वाने अमलात आली, फक्त संशोधनाचा विषय भूत नसून प्लंबर होता. या सगळ्यात एक साधी गोष्ट राहून गेली. फोर्ट मिफ्लिनला १७७७ मध्ये ब्रिटिशांनी वेढा घातला होता आणि तोफांच्या भडिमारात तेथे कित्येक सैनिक मारले गेले. त्यांच्यापैकी एखाद्याला दोनशे एकतीस वर्षांनी जगाला काही सांगायचेच असेल, तर त्याने त्यासाठी रोड आयलंडहून आलेल्या माणसाच्या जॅकेटची कॉलर का निवडावी, हे मात्र एकाही प्रेक्षकाने विचारले नाही. त्या वेळी सगळे जण त्या हाताकडे पाहत होते.