पहिली गाडी आमची

वर्तकनगरच्या माणसाला गर्दीची भीती घालू नये. कर्जतहून भरून आलेल्या फास्ट लोकलमध्ये ठाण्याला चढून दाखवणारा माणूस तो. त्याला हावडा स्टेशन काय करणार? प्रस्तुत लेखक याच तोऱ्यात गीतांजलीतून एकटाच उतरला. लोकलच्या सवयीनं सॅक पोटावर घेतली, कोपरं किंचित बाहेर काढली आणि गर्दीत शिरला. त्याला जायचं होतं फेरीच्या धक्क्याकडे. तेवीस फलाटांच्या त्या गर्दीनं फारसे कष्ट न घेता त्याला उचललं आणि पिवळ्या टॅक्स्यांच्या रांगेत नेऊन उभं केलं.

एकट्यानं फिरण्यातली खरी अडचण मात्र वेगळीच. माहिती सांगायला माणूस नसतो. हावडा ब्रिज 1943 साली खुला झाला, त्यात नट-बोल्ट नाहीत, सगळा सांगाडा रिव्हेटवर उभा आहे, हे लेखकानं निघण्यापूर्वी पाठ केलं होतं. सौ. बरोबर असत्या तर त्यांना ते सांगता आलं असतं आणि त्यांनी 'हं' म्हटलं असतं. इथं साधं 'हं' म्हणणारंही कुणी नव्हतं.

अखेर चहाच्या टपरीवर एक निवृत्त बंगाली बाबू सापडले. 'कहाँ से?' दहिसरपासून बदलापूरपर्यंत कुठलाही माणूस परगावी बेधडक 'मुंबई' म्हणून मोकळा होतो. लेखक मात्र 'ठाणे' म्हणाला आणि थांबला. समोरच्यानं पुढं काही विचारावं म्हणून तो असा थांबतो. बाबूंनी काहीच विचारलं नाही. तेव्हा लेखकानं न विचारताच सुरुवात केली.

देशातली पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून सुटली आणि आली कुठं? ठाण्याला! साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी. गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड आदल्याच संध्याकाळी थंड हवेच्या ठिकाणी निघून गेले होते. समारंभाला त्यांचा बँड तेवढा हजर होता. चौतीस किलोमीटरचं अंतर गाडीनं सत्तावन्न मिनिटांत कापलं. आजची धीमी लोकलही साधारण तेवढाच वेळ घेते, म्हणजे तेव्हाच्या वेगात सुधारणेला जागाच नव्हती! ठाण्यात तंबू ठोकून मेजवानी झाली. त्या तंबूंपर्यंत वर्णन आलं की लेखकाचा आवाज आपोआप चढतो. जणू पंगतीत वाढायला हाच होता. वास्तविक त्याचं घराणं त्या काळी ठाण्यात नव्हतंच. ते आलं कितीतरी नंतर, म्हाडाच्या सोडतीतून.

बाबूंनी मातीच्या भांड्यातला चहा शांतपणे संपवला. मग म्हणाले, पहिली गाडी खरं तर आमचीच व्हायची. डबे घेऊन येणारं 'गुडविन' जहाज हुगळीच्या तोंडाशी बुडालं आणि इंजिन आणणारं जहाज चुकून ऑस्ट्रेलियाला पोहोचलं. म्हणून हावडा-हुगळी गाडीला 15 ऑगस्ट 1854 उजाडला. 'तुमची गाडी पहिली, कारण आमचं इंजिन ऑस्ट्रेलिया बघून आलं.'

लेखकाची कैक वर्षांची मिळकत एका वाक्यात निम्मी झाली. उरलेली निम्मी पुढच्या प्रश्नानं गेली. 'ठाण्यात मेट्रो कशी आहे?'

कोलकात्यात देशातली पहिली मेट्रो 24 ऑक्टोबर 1984 पासून धावते आहे. वडाळा-कासारवडवली मेट्रोचं भूमिपूजन झालं 2016 च्या डिसेंबरात, आणि ठाणेकराची ओळख आधी झाली ती तिच्या खांबांशी. कॅडबरी जंक्शनला रिक्षा अडकली की लेखक ते खांब बघत बसतो. त्याआधी वर्तकनगर नाक्यावर रिक्षावाला मिळवायचा. 'स्टेशन' म्हटलं की तो न बोलता मान हलवतो, आणि ती मान होकाराची आहे की नाही हे रिक्षा निघून गेल्यावर कळतं. यात विनोद करण्यासारखं खरं म्हणजे काही नाही. पोखरण रोडच्या बसस्टॉपवर दवाखान्याची फाइल छातीशी धरून बसलेली म्हातारी माणसं दिसतात. बस येत नाही, रिक्षा परवडत नाही आणि पहिल्या गाडीचा इतिहास त्यांच्या काही कामाचा नाही.

बाबू म्हणाले, 'आमचाही रस्ता बारा वर्षं खणलेला होता. 1972 ला पायाभरणी झाली. वडील धूळ खात ऑफिसला गेले, मी गाडीत बसलो.' लेखकानं मनातल्या मनात आपलं वय मोजलं आणि चहाचे पैसे दिले.

मग तो हावडा मैदान-एस्प्लनेड मेट्रोत बसला. 2024 साली सुरू झालेली ही गाडी हुगळीच्या पात्राखालून जाते. मासे दिसतील अशी त्याला अंधूक आशा होती. दिसले ते बोगद्याच्या भिंतीवरचे निळे दिवे. पाऊण मिनिटात नदी संपली. शेजारच्या मुलीनं मोबाइलवरून मानही वर केली नाही. लेखकानंही आपण रोज नदीखालूनच ये-जा करतो असा चेहरा केला; फक्त खिडकीला नाक लावलेलं असल्यामुळे तो तितकासा जमला नाही.

दुसऱ्या दिवशी तो लोकलनं श्रीरामपूरला गेला. 1854 च्या त्याच मार्गावरचं हे गाव. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांची पोस्टातली नोकरी इथं होती. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या, कल्याणच्या आनंदीबाईंनी 1883 च्या फेब्रुवारीत इथल्याच कॉलेजात भाषण केलं. लोक विचारत होते, अमेरिकेला एकटीच का जातेस? त्यांनी सगळ्यांसमोर उभं राहून उत्तर दिलं. एप्रिलमध्ये कोलकात्याहून जहाजात बसल्या. नवरा मागे राहिलेला, सोबतीला ओळखीच्या मिशनरी बाया, जूनमध्ये न्यूयॉर्क. वय अठरा. दहा दिवसांचं मूल गमावल्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, बाविसावं पूर्ण होण्याआधी, गेल्या. कॉलेजसमोर हुगळीकडे तोंड करून लेखक बराच वेळ उभा राहिला. माहिती सांगायला कुणी हवं, असं त्याला तेव्हा वाटलं नाही.

ते वाटलं स्टेशनवर आल्यावर. त्यानं घरी फोन लावला आणि सगळं सविस्तर सांगितलं.

'हं,' सौ. म्हणाल्या. मग म्हणाल्या, 'अहो, त्या अठराव्या वर्षी अमेरिकेला गेल्या. तुम्ही काल रात्री मोजे कुठल्या कप्प्यात आहेत ते विचारायला फोन केला होतात.'

'तू अजून सांगितलं नाहीस.'

'उजवीकडच्या. आणि येताना संदेश आणा, पण गुळाचे.'

लेखकानं सॅकचा उजवीकडचा कप्पा उघडला. मोजे होते, आणि त्यांच्याखाली क्रोसिनची पट्टीही.