किमान तीन टिपा

आमच्या महाविद्यालयात पुस्तक एकट्याने वाचायला बंदी नाही. एकट्याने वाचलं तर गुण मिळत नाहीत, एवढंच. उतारा संगणकावर चढवायचा, वर्गातल्या सगळ्यांनी लॉगिन करायचं, आवडेल ते वाक्य पिवळं करायचं आणि शेजारी टीप लिहायची. माणशी किमान तीन टिपा, शिवाय दुसऱ्यांच्या टिपांवर दोन प्रतिसाद. गुण यंत्र देतं. पूर्वी ग्रंथालयाच्या पुस्तकात कुणी 'व्ही. इम्प.' असं पेनानं लिहिलं की ग्रंथपाल दंड करायचे. आता त्याच कृत्याला अंतर्गत मूल्यमापन म्हणतात.

कल्पना नवी नाही. 1993 मध्ये मोझाइक ब्राउझर तयार होत असतानाच पानावर सगळ्यांनी मिळून टिपा लिहिण्याची सोय त्यात करून पाहिली होती. पण एवढ्या टिपा साठवायच्या कुणाच्या सर्व्हरवर, या प्रश्नापाशी ते लोक थांबले. शहाणे होते. आमच्याकडे कार्यशाळेत चहा-बिस्किटं झाली आणि दुसऱ्या दिवसापासून योजना सुरू झाली.

मी आधी एक समीक्षालेख चढवला. तो झेरॉक्सवरून स्कॅन केलेला होता, म्हणजे यंत्राच्या लेखी नुसतं चित्र. चित्रातलं वाक्य पिवळं होत नाही. दुसरा लेख युनिकोडच्या आधीच्या फॉन्टातला निघाला. डोळ्यांना शुद्ध मराठी, पण वाक्य निवडून टिपेच्या चौकटीत आणलं की रोमन अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं. त्यावर एका विद्यार्थ्यानं 'लेखकाची शैली दुर्बोध वाटते' अशी टीप लिहिली. यंत्रानं त्याला पूर्ण गुण दिले.

शेवटी महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' घेतला. ग्रंथ 1883 चा, स्वामित्वहक्काची कटकट नाही आणि निम्मा वर्ग शेतकऱ्यांचा. सुरुवातीचं ते प्रसिद्ध वचन उभ्या महाराष्ट्राला पाठ असल्यामुळे वर्गाच्या बहुतेक टिपा तिथंच पडल्या. पिवळ्यावर पिवळं चढून वचन दिसेनासं झालं. पाचवं प्रकरण मात्र फुल्यांनी हातावेगळं केलं असेल तितकंच स्वच्छ राहिलं.

'खूप छान विचार.' खाली 'सहमत.' त्याखाली 'मीही सहमत.' मग एकाचं 'भावा, विषय हार्ड!' आणि त्यालाही दोघं सहमत. मुदत रात्री बारापर्यंत असते, त्यामुळे साडेअकराच्या सुमारास फुल्यांच्या विचारांना विलक्षण उठाव येतो. एकदा तिघांनी एकच टीप लिहिली: 'सदर विधान वसाहतकालीन कृषिव्यवस्थेतील बहुस्तरीय शोषणसंरचना अधोरेखित करते.' शोषणसंरचना म्हणजे काय, असं मी वर्गात विचारलं. पुढच्या बाकावरून उत्तर आलं, "सर, ते आलं तसं टाकलंय."

फुल्यांनी हा मजकूर गावोगाव लोकांना वाचून दाखवला होता, बडोद्यात सयाजीराव महाराजांनीही तो ऐकला. ऐकणाऱ्यांपैकी कुणावरही दोन प्रतिसादांची सक्ती नव्हती. पहिली दोन प्रकरणं 'दीनबंधू'त आली आणि पुढची छापायला संपादक कचरले, हीच काय ती त्या काळातली ठळक टीप. त्याही आधी, शके 1506 मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यात कुणी आपली ओवी घुसडू नये असं शेवटी बजावून ठेवलं. नाथांच्या त्या सूचनेचा आमच्या कार्यशाळेत उल्लेख झाला नाही. मी करणार होतो, पण तेवढ्यात गटचर्चा सुरू झाली.

एक मुलगी गगनबावड्याहून येते. घरी रेंज नाही, म्हणून ती ग्रंथालयातली छापील प्रत नेते. पाचही प्रकरणं वाचून तिनं मला जिन्यात गाठलं आणि पाऊण तास प्रश्न विचारले. यंत्रात तिच्या नावापुढे 'निष्क्रिय' असा शेरा आहे.

चौथ्या प्रकरणात सारा भरायला मुदत मागायला गेलेला शेतकरी हात हलवत परत येतो. तिथं शिरोळ तालुक्यातल्या एका मुलानं टीप टाकली: 'मग आमची एफआरपी एकरकमी का मिळत न्हाई?' एफआरपी म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर. त्या टिपेनं वर्ग जागा झाला. साखर उतारा आला, तोडणी-वाहतुकीची कपात आली, काटामारी आली, जयसिंगपूरची ऊस परिषद आली. आजवर फक्त 'सहमत' लिहिणाऱ्या मुलानं 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातली 14 दिवसांत पैसे देण्याची तरतूद कलमासकट टाकली. तिघांनी आपापल्या घरची बिलं फोटो काढून जोडली. एकाच्या वडिलांनी मुलाच्याच लॉगिनवरून लांबलचक प्रतिसाद दिला, तोही व्याकरणशुद्ध. मुदत संपून आठवडा झाला तरी टिपा येत होत्या. यंत्रानं त्या 'विषयबाह्य' ठरवून गुण दिले नाहीत.

अडचण पुढेच आहे. ज्या टिपेला प्रश्नचिन्ह असतं ती यंत्र 'अनुत्तरित' म्हणून लाल रंगात दाखवतं, आणि एकही लाल टीप उरली तर घटक पूर्ण झाल्याची नोंद होत नाही. घटक पूर्ण नसेल तर समितीचा अहवाल अडतो. कार्यालयातून मला रोज निरोप येतो, "सर, तेवढा एक प्रश्न निकाली काढा की." निकाली काढायचं बटण फक्त विषयशिक्षकाला दिसतं. साखर आयुक्तांना लॉगिन देता येईल का, असं मी लेखी विचारलं आहे.