सोवळ्यातला पायथन

पायथनचा वेग मोजायचा तर लॅपटॉप सोवळ्यात बसवावा लागतो. ब्राउझर बंद, वायफाय बंद, चार्जर लावलेला, आणि पंखा कितीही घोंघावला तरी कोणी शिवायचं नाही. एवढं करून हाती येतो तो आकडा पायथनचाच असेल याची खात्री नाही. बऱ्याचदा तो कंपायलरचा असतो.

पायथनचा नेहमीचा इंटरप्रिटर सी भाषेत लिहिलेला आहे. त्याच्या पोटात अहोरात्र एकच धंदा चालतो: पुढची सूचना उचल, ती पार पाडणाऱ्या कोडकडे उडी मार, पुन्हा पुढची उचल. 2025 च्या सुरुवातीला, पायथनच्या 3.14 आवृत्तीची तयारी चालू असताना, या उड्यांची एक नवी पद्धत आली. प्रत्येक सूचनेला स्वतंत्र फंक्शन मिळालं. क्लँग 19 या सी कंपायलरवर मोजलं तर सरासरी 9 ते 15 टक्के वाढ! या धंद्यात पाच टक्क्यांवरही पेढे वाटतात. मी आईला सांगितलं.

"पंधरा टक्के म्हणजे रे किती?"

"शंभर सेकंदांचं काम सत्त्याऐंशीत."

"मग उरलेल्या तेरा सेकंदांत तू काय करणार?"

असले प्रश्न कोणत्याच बेंचमार्कमध्ये नसतात.

मार्चमध्ये एका अभियंत्याने खोदून पाहिलं, तेव्हा कळलं की नवी पद्धत फार धावत नव्हती, जुनीच मंदावली होती. जुन्या पद्धतीत प्रत्येक सूचनेच्या शेवटी तिची स्वतःची उडी असते, त्यामुळे पुढे काय येणार याचा अंदाज प्रोसेसरला बांधता येतो. पण अवाढव्य फंक्शनं कंपाइल करताना वेळ आणि मेमरी फार जाते म्हणून क्लँग 19 ने अशा उड्यांच्या प्रती काढण्यावर मर्यादा घातली. पायथनच्या जुन्या पद्धतीचं भलंमोठं फंक्शन नेमकं त्यात सापडलं आणि सगळ्या उड्या एकाच दारातून होऊ लागल्या. क्लँग 18 किंवा जीसीसी या दुसऱ्या कंपायलरवरच्या जुन्या पद्धतीशी तुलना केली तर फायदा उरला 1 ते 5 टक्के. लबाडी कोणीच केली नव्हती. उलट दोन्ही पद्धतींना एकच कंपायलर लावणं हाच खरा न्याय, आणि त्या न्यायानेच घात केला.

त्याहून वाईट बातमी जुनी आहे. 2009 च्या एका गाजलेल्या शोधनिबंधात दाखवलंय की प्रोग्रामला सुरू होताना मिळणाऱ्या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल्सचा आकार बदलला तरी प्रोग्रामचा वेग बदलू शकतो. आता वापरकर्त्याचं नावही त्यातच असतं. माझं लॉगिन आडनावासकट, ऐसपैस. शेजारच्या सहकाऱ्याचं तीन अक्षरी. त्याचा पायथन माझ्यापेक्षा जरा जलद पळतो, आणि श्रेय तो बिनदिक्कत स्वतःच्या कोडला देतो.