कळवतो म्हणाले आहेत

प्रस्तुत मार्गदर्शन पुण्या-मुंबईकडे खासगी नोकरी बदलू पाहणाऱ्या, अनुभवी परंतु अजून आशा न सोडलेल्या उमेदवारांसाठी आहे. सरकारी सेवेच्या इच्छुकांना त्याची तितकी गरज नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क, गट ड आणि गट ब मधल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखतीच बंद करून टाकल्या, कारण तोंडी परीक्षेत वशिला चालतो असे खुद्द सरकारला वाटले. खासगी क्षेत्राला तसे काही वाटत नाही. तिथे वशिल्याला ‘एम्प्लॉयी रेफरल’ म्हणतात आणि तो लावणाऱ्याला बोनस देतात.

तयारी बायोडाट्यापासून सुरू करावी. या प्रकारातला जुना आणि आजही उपयोगी नमुना लिओनार्दो दा विंचीचा आहे. १४८२ च्या सुमारास त्याने मिलानच्या लुडोविको स्फोर्झाकडे कामासाठी अर्ज लिहिला. हलके पूल, तोफा, झाकलेले रथ, किल्ले पाडण्याचे उपाय अशी सगळी युद्धविद्या ओळीने मांडली आणि आपल्याला चित्रेही काढता येतात हे पार शेवटी लिहिले. मालकाला लढायांची काळजी आहे, चित्रांची नाही, हे त्याने ओळखले होते. उमेदवाराने एवढेच ध्यानात ठेवावे. आपल्याला खरोखर काय येते ते घरी सांगावे. बायोडाट्यात, समोरच्याच्या जाहिरातीत जे लिहिले आहे तेच नेमके आपल्याला येते, असा योगायोग घडवून आणावा. ‘एमएस-सीआयटी’ ही ओळ मात्र आता काढावी. काढवत नाही, कारण तिची फी वडिलांनी भरलेली असते, तरी काढावी.

‘छंद : वाचन’ असे लिहिणाऱ्याने परिणामांची तयारी ठेवावी. समोर मराठी माणूस निघाला तर तो ‘शेवटचं काय वाचलंत?’ असे विचारतो. अशा वेळी महाराष्ट्रातला उमेदवार ‘मृत्युंजय’ म्हणतो. ही कादंबरी १९६७ ची आहे आणि ती समोरच्यानेही वाचलेली असते, ही मेख आहे. तो लगेच ‘शोणाचा भाग कसा वाटला?’ म्हणून विचारेल. शोण म्हणजे कर्णाचा भाऊ, हे आठवेपर्यंत तुमचे वाचन आणि घाम दोन्ही उघडे पडतात. त्यापेक्षा ‘ट्रेकिंग’ लिहावे. राजगडावर तुम्ही कुठल्या वाटेने चढलात, हे कोणी तपासत नाही.

कन्सल्टन्सीवाले बायोडाटा वर्डमध्ये मागतील. तुम्ही सुबक पीडीएफ केलेली असेल, ती चालणार नाही. कारण विचारू नये. वर्डमध्ये तुमचा फोन नंबर उडवून त्यांचा घालणे सोपे जाते. नोकरीच्या संकेतस्थळावरची प्रोफाईल मात्र रोज सकाळी ताजी करावी, म्हणजे एक पूर्णविराम काढावा आणि जतन करावे. दुसऱ्या दिवशी तोच परत घालावा. नुकतीच हललेली प्रोफाईल शोधणाऱ्याला आधी दिसते अशी उमेदवारांची श्रद्धा आहे, आणि श्रद्धेने नुकसान तर काही होत नाही.

चालू नोकरीत रजेचे कारण आधीच ठरवून ठेवावे. नातलग मारण्याची जुनी पद्धत चांगली होती, पण आज्या दोनच असतात आणि साहेबांच्या त्या लक्षात राहतात. रूट कॅनाल घ्यावे. त्याला तीन-चार बैठका लागतात आणि मुलाखतीच्या फेऱ्याही साधारण तेवढ्याच असतात. शिवाय दुसऱ्या दिवशी तोंड उतरलेले दिसले तरी कोणी चौकशी करत नाही.

मुलाखतीच्या दिवशी घरून निघताना हातावर दही-साखर घ्यावी आणि हिंजवडीला जायचे असल्यास ती अर्धा तास आधी घ्यावी. वाकडचा पूल उमेदवार आणि संचालक यांच्यात भेदभाव करत नाही. गेटवरचा सुरक्षारक्षक ‘कोणाला भेटायचंय?’ विचारेल. ‘एचआर मॅडम’ हे उत्तर त्याला पुरत नाही आणि आपल्याकडे दुसरे नसते. इथे आवाज चढवू नये. लॅपटॉपचा नंबर वहीत लिहून, फोटो काढून घेऊन, गळ्यात ‘व्हिजिटर’ची पट्टी घालून निमूटपणे सोफ्यावर बसावे. मुलाखत घरूनच असेल तर कुकरचा बंदोबस्त करता येतो. भंगारवाल्याच्या ध्वनिमुद्रित भोंग्याचा येत नाही. ‘तुमची बलस्थानं सांगा’ असे विचारले की तो खिडकीखाली येतो.

प्रश्नांबद्दल फार चिंता करू नये. १९२१ मध्ये थॉमस एडिसनने नोकरीसाठी आलेल्या तरुणांना सामान्यज्ञानाचे शंभराहून जास्त प्रश्न घातले होते. ते वर्तमानपत्रात फुटले आणि त्या वर्षी अमेरिकेत आलेल्या आइनस्टाइनला कोणीतरी त्यातला ध्वनीच्या वेगाचा प्रश्न विचारला. पुस्तकात मिळते ते मी डोक्यात ठेवत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. गूगलही एकेकाळी उमेदवारांना कोडी घालत असे. त्यांच्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखांनी २०१३ मध्ये तो शुद्ध कालापव्यय होता हे जाहीरपणे मान्य केले. अर्थात ही कबुली आपल्याकडच्या पॅनेलपर्यंत अजून पोचायची आहे.

पॅनेलला हल्ली ‘प्रसंग, जबाबदारी, कृती, फळ’ या क्रमाने गोष्ट हवी असते. पद्धत चांगली आहे, अडचण आपल्या संगोपनात आहे. ‘मी-मी करू नये’ हे ऐकत वाढलेला माणूस ऐन वेळी ‘आम्ही ते मॉड्यूल केलं’ म्हणतो, आणि समोरचा ‘त्यात तुम्ही काय केलंत?’ असे विचारून त्याला उघडा पाडतो. तेव्हा तासाभरापुरते संस्कार बाजूला ठेवावेत. ‘तुमचा एखादा दोष?’ या प्रश्नाला ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ हे उत्तर देऊ नये. ते आदल्या तिघांनी दिलेले असते. खरा दोष तर मुळीच सांगू नये. खरा पण बिनविषारी असा एक दोष आधी पाळून ठेवावा. ‘आम्हाला काही विचारायचंय?’ असे म्हटल्यावर ‘ही जागा रिकामी कशी झाली?’ हे विचारायचा मोह होतो. हाच एकमेव कामाचा प्रश्न आहे. म्हणूनच तो तिथे न विचारता जागा सोडून गेलेल्या माणसाला लिंक्डइनवर गाठून विचारावा.

पगाराच्या बोलण्यात ‘कंपनीच्या नियमाप्रमाणे द्या’ असे म्हणणारा माणूस आयुष्यभर नियमाप्रमाणेच घेतो. आकडा सांगावा, आणि सांगून झाल्यावर गप्प बसावे. आपण आकडा सांगतो आणि ‘पण थोडं मागंपुढं चालेल’ हे स्वतःच जोडून देतो; मागे जायला मग कोणाची हरकत नसते. सीटीसी ऐकून हुरळूनही जाऊ नये. त्यात भविष्यनिर्वाह निधीतला कंपनीचा वाटा असतो, विम्याचा हप्ता असतो आणि मूळ पगाराच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटीही असते. ही ग्रॅच्युइटी एरवी पाच वर्षे टिकलेल्याला मिळते, पण पॅकेज फुगवायला ती पहिल्याच दिवशी हजर होते. हातात किती येणार, ते कागदावर मांडून घ्यावे. घरी मात्र सीटीसीच सांगावी.

इथवरची विद्या कोणत्याही क्लासमध्ये मिळते. कस लागतो तो पुढे, कारण मुलाखत संपताना ते ‘कळवतो’ म्हणतात.

या ‘कळवतो’च्या अनेक छटा आहेत. ‘दोन दिवसांत कळवतो’ यातले दिवस कोणत्या पंचांगातले हे त्यांनी सांगितलेले नसते. ‘पोझिशन होल्डवर आहे’ म्हणजे जागा भरली किंवा रद्द झाली, यातले काय ते त्यांनाही ठाऊक नाही. दसऱ्याच्या पुढे ‘दिवाळीनंतर बघू’, डिसेंबरात ‘नव्या वर्षाचं बजेट येऊ दे’ आणि मार्चमध्ये ‘अप्रेझल चालू आहेत’. सर्वांत आशादायक, म्हणून सर्वांत धोकादायक, वाक्य आहे ‘फीडबॅक पॉझिटिव्ह आहे’. याचा अर्थ तुम्ही दुसरे आलात. पहिल्याला ऑफर गेली आहे आणि तो हो म्हणतो का, याची ते वाट पाहत आहेत.

हे कळल्यावर नाराज न होता पहिल्याचा विचार करावा. त्याला नव्वद दिवसांची नोटीस आहे. ते नव्वद दिवस तो हातातली ऑफर दाखवून दुसरी, दुसरी दाखवून तिसरी मिळवतो आहे. रुजू होण्याच्या दिवशी त्याच्यासाठी लॅपटॉप तयार असतो, ओळखपत्र छापलेले असते आणि त्याचा फोन बंद असतो. उमेदवार कंपन्यांच्या मौनाबद्दल तावातावाने बोलतात, पण या एका सकाळी त्यांनी केलेले मौन कंपन्या विसरत नाहीत. त्या दिवशी दुपारी एचआर मॅडम जुन्या मेल उघडून बसतात. तेव्हा तुमचे नाव वर दिसले पाहिजे आणि ते पाहून त्यांना कपाळाला हात लावावासा वाटता कामा नये. पाठपुराव्याचे सारे शास्त्र या दोन अटींत बसते.

म्हणून मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी आभाराची मेल धाडावी. आपल्याकडे आभार सभेच्या शेवटी मानतात आणि तेव्हा निम्मे लोक उठलेले असतात, त्यामुळे हे जमायला वेळ लागतो. मजकूर चार ओळींचा ठेवावा. तिथे झालेल्या बोलण्यातली एक नेमकी गोष्ट लिहावी, म्हणजे हीच मेल अजून पाच ठिकाणी गेलेली नाही असे वाटते. कंपनीच्या दूरदृष्टीचे कौतुक करू नये. ती असती तर त्यांनी उत्तर त्याच दिवशी दिले असते.

पुढची मेल त्यांनी दिलेली मुदत उलटल्यावर दोन दिवसांनी. सोमवारी सकाळी नको, शुक्रवारी संध्याकाळी नको. मंगळवार ते गुरुवार, अकराच्या सुमारास, चहा झालेला असताना. त्यानंतर आठवड्याने एक फोन, आणि पुढे पंधरवड्यातून एखादी ओळ. मॅडमना व्हॉट्सअ‍ॅपवर सुप्रभात, सुविचार किंवा चतुर्थीचा गणपती पाठवू नये. निळ्या खुणा उमटूनही उत्तर येत नाही, ही शिक्षा काही लोक रोज सकाळी स्वखुशीने भोगतात. ‘मला दुसरीकडून ऑफर आली आहे’ हे अस्त्र एकदाच वापरता येते, आणि ऑफर खरोखर आली असेल तरच. नाहीतर पलीकडून ‘अरे वा, अभिनंदन!’ असे येते आणि आपल्याला आभार मानावे लागतात.

तुम्ही कंपनीचा करता त्याच्या दसपट पाठपुरावा घरचे तुमचा करतात. आई जेवायला वाढताना ‘आला का रे फोन?’ विचारते. मामा रविवारी येतात आणि ‘त्या कंपनीत माझ्या ओळखीचे एक आहेत, बोलू का?’ म्हणतात, ते ओळखीचे चार वर्षांपूर्वीच निवृत्त झालेले असतात. शेजारच्या काकू काहीच विचारत नाहीत, नुसत्या बघतात. या सर्वांना एकच उत्तर द्यावे : ‘कळवतो म्हणाले आहेत.’ ते खरे असते आणि त्याने कोणाचेच समाधान होत नाही, त्यामुळे पक्षपाताचा आरोप टळतो.

असे दोन-तीन महिने गेले, की एका मेलला ताबडतोब उत्तर येते. छाती धडधडते. ते आपोआप जाणारे उत्तर असते : मॅडमचा कंपनीतला शेवटचा दिवस होऊन गेला, यापुढे अमुक पत्त्यावर लिहावे. अमुक पत्त्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी; आभाराच्या मेलची तारीख तेवढी बदलावी.

त्यानंतर काही दिवसांनी त्याच मॅडमच्या फोटोभोवती लिंक्डइनवर हिरवे कडे दिसू लागते. नोकरी शोधत असल्याची ती खूण. कडे दिसल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्हाला संदेश येतो, ‘हाय सर, कसे आहात? तुमच्याकडे एचआरला काही ओपनिंग आहे का?’ इथे सूडबुद्धी ठेवू नये. मंगळवारची वाट पाहावी, अकरा वाजू द्यावेत आणि नम्रपणे उत्तर लिहावे. सध्याची सीटीसी किती, अपेक्षा किती आणि नोटीस किती दिवसांची, हे विचारावे. बायोडाटाही मागवावा, वर्डमध्ये.