पाकाला पैकीच्या पैकी

मधाची बाटली घरात आली की आधी तिची परीक्षा होते, मध पोळीला नंतर लागतो. ग्लासभर पाण्यात थेंब सोडायचा. न विरघळता सरळ तळाशी गेला तर मध अस्सल. वात मधात बुडवून काडी लावायची. पेटली तर अस्सल. तरीही शंका उरली तर कुत्र्यापुढे बशी सरकवायची, आणि त्याने तोंड फिरवलं की घरात पेढे वाटायचंच बाकी राहतं. कुत्र्याला बाजूला ठेवलं, तर या परीक्षांत प्रश्न एकच असतो: तुझ्यात पाणी किती? थेंब बुडतो तो घट्ट आणि जड म्हणून, वात पेटते ती फारशी ओली नाही म्हणून. दोनतारी पाकाला किंवा घट्ट काकवीला याच परीक्षेला बसवा, पैकीच्या पैकी मिळवतील. दमट हवेत काढलेला सातेरी माशीचा पातळ मध मात्र खरा असूनही नापास होईल.

‘पण आमच्या आजीला बरं कळायचं!’ कळत असेलही. तिच्या काळातला भेसळवाला गुळाचं पाणी घालणारा साधा माणूस होता. आताच्याने रसायनशास्त्र पक्कं केलंय. ऊस आणि मक्याच्या साखरेतला कार्बन बहुतेक फुलांच्या मकरंदातल्या कार्बनहून वेगळा असतो, हे प्रयोगशाळेने हेरलं. तेव्हा तो तांदळाच्या पाकाकडे वळला, कारण तांदूळ कार्बनच्या बाबतीत फुलांच्याच जातीचा. 2020 मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने शुद्ध मधात मुद्दाम 25 आणि 50 टक्के पाक मिसळून पाहिला, तर ते नमुने इथल्या शुद्धतेच्या चाचण्यांत पास! मग 13 ब्रँडचे 22 नमुने तपासले, मधाची रेणूंपर्यंत झडती घेणारी एनएमआर चाचणीही जर्मनीत झाली, आणि सगळ्या चाचण्यांतून पार पडले फक्त पाच. कंपन्यांनी अर्थातच हे निष्कर्ष अमान्य केले. प्रयोगशाळाही फसते, मग आपला ग्लास काय वाईट, असं कोणी म्हणेल. फरक इतकाच की प्रयोगशाळा फसल्यावर प्रश्नपत्रिका बदलते. ग्लासाची प्रश्नपत्रिका आजीपासून तीच, आणि ती फुटून जमाना झाला.

त्यात परीक्षकाची एक खोड अशी, की तो हुशार विद्यार्थ्यालाच वर्गाबाहेर काढतो. थंडीत मध गोठून रवाळ झाला की ‘साखर घातलीय मेल्यांनी’ म्हणत बाटली दुकानात परत जाते. अहो, मध म्हणजे मुळात साखरच, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. त्यातलं ग्लुकोज थंडीत खडे धरतं. शुद्ध मध गोठलाच पाहिजे असं नाही, पण गोठला म्हणून तो खोटाही ठरत नाही. गिऱ्हाइकाला मात्र बारा महिने वाहता, आरपार दिसणारा मध हवा. मग विकणारा तो तापवतो, बारीक गाळतो; त्या गाळणीत अडकतात ते परागकण, म्हणजे मध कुठल्या फुलांचा हे सांगणारे साक्षीदार. इतकं झाल्यावर त्याच बाटलीतला थेंब घरी ग्लासात सोडून पाहायचा! महाबळेश्वरच्या बाजारात तर जांभळाचा काळसर, किंचित कडवट मध बोटावर चाखून गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं आणि विचारतं, ‘यापेक्षा गोड नाही का हो?’