लाईट आली, टीव्ही गेला

लाईट गेली की आपण वैतागतो. पण वस्तू जळतात त्या लाईट असताना, नाहीतर ती परत येताना. पावसाळ्यात गल्लोगल्ली ऐकू येतं : ‘अचानक व्होल्टेज वाढलं आणि टीव्ही, फ्रिज, वायफाय, सगळं एकदम उडालं.’ त्यावर कुणीतरी म्हणतं, नशीब! नशिबाचा इथे काडीचा संबंध नाही. एकाच वेळी अनेक घरांतलं सामान जळलं, तर खांबावर किंवा डीपीत न्यूट्रल तुटला असण्याचा, नाहीतर त्याचा जोड सैल झाल्याचा संशय आधी घ्यायला हवा.

डीपीतून तीन फेज निघतात. कुठलाही फेज आणि न्यूट्रल यांच्यात 230 व्होल्ट असतात, पण दोन फेजमध्ये 400 च्या आसपास. आपल्या घराला एक फेज, समोरच्याला दुसरा, न्यूट्रल मात्र सामाईक. तो वाटेत तुटला की दोन्ही घरं मिळून त्या 400 व्होल्टवर लटकतात आणि वाटणी अगदी उलटी होते. जिथे गिझर आणि पाण्याची मोटर चालू आहे, तिथे व्होल्टेज पडतं. जिथे एक एलईडी दिवा आणि टीव्ही एवढंच चालू आहे, तिथे ते साडेतीनशेच्याही वर चढू शकतं. म्हणजे विजेची काटकसर करणाऱ्याचंच सामान आधी जळतं! चूक खांबावरच्या सैल जोडाची आणि भुर्दंड त्याला.

‘आमच्याकडे एमसीबी आहे,’ असं लोक छातीठोकपणे सांगतात. एमसीबी जादा करंट ओळखतो, आरसीसीबी गळती ओळखतो. व्होल्टेज किती चढलं, याकडे दोघांचंही लक्ष नसतं. ‘स्पाइक गार्ड’ म्हणून मिळणाऱ्या कित्येक एक्स्टेन्शन बोर्डांत तर बटण आणि लाल दिवा यांपलीकडे काही नसतं, आणि ही ग्राहकाची सरळसरळ फसवणूक आहे. ज्यात खरोखर व्हेरिस्टर असतो, तो क्षणभराचा झटका झेलतो आणि दर झटक्यागणिक थोडा झिजतो. तुटलेल्या न्यूट्रलचं वाढीव व्होल्टेज टिकून राहतं. त्यात तो स्वतःच जळतो. तिथे हवा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. तो मीटरनंतर डीबीत, म्हणजे घरातल्या वितरण पेटीत, बसतो आणि व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की अख्ख्या घराचा पुरवठा तोडतो. टीव्हीच्या किमतीपुढे त्याचा खर्च किरकोळ आहे.

आकाशातल्या विजेसाठी एसपीडी, म्हणजे सर्ज प्रोटेक्टिव्ह डिव्हाइस, वेगळा. तो झटका जमिनीत सोडतो, पण त्यासाठी अर्थिंग जिवंत हवं. नव्याकोऱ्या इमारतींतही सॉकेटला तिसरं भोक असतं आणि मागे तार नसते, हे बिल्डरचं पाप आहे. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये कोंबणं, हे आपलं. वायरमनला मल्टिमीटर घेऊन बोलवा. फेज आणि अर्थ यांच्यात जवळपास फेज-न्यूट्रलइतकाच आकडा दिसला पाहिजे. कमी दिसला तर अर्थिंग आधी, नवा टीव्ही नंतर.

वळवाच्या पावसात ढग गडगडू लागण्याआधीच प्लग काढावा. वीज अगदी जवळ पडली तर कुठल्याही उपकरणाचा भरवसा नाही. डिशची केबल आणि तांब्याच्या तारेचं ब्रॉडबँडही काढावं, कारण झटका तिथूनही शिरतो. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप परिसरातल्या विजांचा इशारा देतं. ते फोनमध्ये असू द्या.

आणि घरातला एक दिवा एकदम लखलखू लागला, पंखा भन्नाट फिरू लागला किंवा शेजारी दिवे मिणमिणू लागले, तर बघत बसू नका. आधी मेन स्विच बंद करा, मग वीज कंपनीला फोन. ‘लाईट आहे ना? मग काय तक्रार?’ असं उत्तर आलं तरी तक्रार नोंदवाच आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा. सामान जळलं असेल तर त्याचे फोटो, दुरुस्तीचं बिल आणि शेजाऱ्यांच्या सह्या जमवा. विद्युत कायदा, 2003 च्या कलम 42 नुसार प्रत्येक वितरण कंपनीला ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच नेमावाच लागतो, आणि तिथे समाधान झालं नाही तर विद्युत लोकपालाकडे जाता येतं. एकट्याने जाऊ नका. ज्यांचं ज्यांचं सामान जळलं, त्या सगळ्यांनी मिळून जा.